हॅलिफॅक्सच्या कबरी आणि आमची रामदास बोट

कॅनडात हॅलिफॅक्सला आले त्या पहिल्याच वर्षी शेजारच्या आजीबाई मला गाव दाखवते म्हणून घेऊन गेल्या ते थेट कब्रस्तानात, फेअरव्ह्यू लॉनमधे. मी अलिबागकडची, नव्या माणसाला कोणी असं स्मशानात फिरायला नेतं का असंच मनात आलं. तिथे टायटॅनिकवरचे 121 लोक पुरलेत. छोटे छोटे सारखेच दगड, सगळ्यांवर 15 एप्रिल 1912 हीच तारीख आणि एक नंबर, म्हणजे समुद्रातून प्रेतं ज्या क्रमाने काढली तो. ज्यांची ओळख पटली नाही त्यांना नुसता नंबरच.

4 नंबर म्हणजे एक तान्हं बाळ. त्याचं म्हणून कोणी आलं नाही, तेव्हा ज्या जहाजाने प्रेतं काढली त्याच्याच खलाशांनी दगड बसवला. मेलेल्यांचे कपडे कोणी विकायला नेऊ नयेत म्हणून जाळून टाकायचा हुकूम होता, पण एका पोलीस सार्जंटला त्या बाळाचे बूट काही जाळवले नाहीत, त्याने ते जपून ठेवले. 2002 मधे डीएनए तपासून ठरवलं की बाळ फिनलंडच्या एका कुटुंबातलं, 13 महिन्यांचं. पण बूट तर मोठ्या मुलाचे! परत तपासलं आणि 2007 मधे कळलं की तो सिडनी गुडविन, इंग्लंडचा, 19 महिन्यांचा. एका बाळाचं खरं नाव शोधायला 95 वर्षं, आणि तोपर्यंत या गावाने ते सोडून दिलं नाही. ते बूट इथल्या म्युझियममधे आहेत, मी दर वेळी बघते आणि दर वेळी तिथून पाय निघत नाही.

टायटॅनिकच्या वेळी प्रत्येक प्रेताला नंबर द्यायचा आणि अंगावरच्या वस्तू त्याच नंबरच्या पिशवीत ठेवायच्या ही पद्धत इथे बसवली होती, तीच 5 वर्षांनी स्वतःच्या गावासाठी वापरावी लागली. 6 डिसेंबर 1917 ला दारूगोळ्याने भरलेलं माँ-ब्लाँ जहाज बंदरात दुसऱ्या जहाजाला धडकलं, पेटलं, लोक खिडक्यांतून आग बघत उभे राहिले आणि स्फोट झाला. सतराशेहून जास्त माणसं गेली, काचा घुसून कितीतरी जणांचे डोळे गेले. मेलेल्यांची नावं आज कोणीही ऑनलाइन शोधू शकतं, आणि दर 6 डिसेंबरला सकाळी फोर्ट नीडहॅमच्या टेकडीवर लोक थंडीत जमतात, घंटा वाजते.

हे ऐकताना मला मुंबईच आठवत होती. 14 एप्रिल 1944, व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट. स्फोटकं आणि कापसाच्या गाठी एकत्र, धोक्याचा लाल बावटा नाही (माँ-ब्लाँवरही नव्हता), आणि हे जहाज बांधलेलं कॅनडातच! आग नक्की कशाने लागली ते शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले, त्यांची आठवण त्या दिवशी निघते, पण गोदीतले हमाल, आसपासच्या वस्तीतली माणसं, त्यांची नावं मी तरी शाळेत कधी ऐकली नाहीत. जहाजावरच्या सोन्याच्या विटा उडाल्या हे मात्र सगळ्यांना पाठ.

आणि रामदास तर आमच्या घरातलीच गोष्ट. 17 जुलै 1947, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेहून जास्त माणसं बुडाली, स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं. रेवसच्या कोळ्यांनी मासळी समुद्रात टाकून माणसं होडीत घेतली असं आज्जी सांगायची. तिचा मोठा भाऊ त्या बोटीवर होता, तो मिळालाच नाही. त्याचं नाव कुठे लिहिलंय का हे आमच्या घरात कोणालाच सांगता येत नाही.

मामाला फोनवर हे सगळं बोलले तर म्हणाला, अगं मढी उकरून काय मिळणार, आणि आपण जाळतो, आपल्यात दगड कुठे असतात. दगड असतात की मामा! गावोगाव मारुतीच्या देवळाबाहेर वीरगळ पडलेत, बोरिवलीला एक्सरच्या वीरगळांवर तर समुद्रातली लढाई कोरलीय, म्हणजे पाण्यात मेलेल्या माणसांचं दगडावर लिहायची रीत आपलीच आहे. आपण ती फक्त लढाईत गेलेल्यांपुरतीच ठेवली, बोटीने घरी चाललेल्या बाईला आणि गोदीतल्या हमालाला त्यात जागा दिली नाही असं मला वाटतं. 2025 मधे अख्खा महाराष्ट्र खुलताबादच्या एका बादशहाच्या कबरीवरून भांडत होता, टीव्हीवर रोज तेच, मी इथून बघत होते आणि मला सारखा आज्जीचा भाऊ आठवत होता.

मामाचं एक मात्र पटतं, की दुःखाचा तमाशा होऊ नये. इथेही होतो, एका सिनेमातल्या हिरोशी नाव जुळतं म्हणून जे. डॉसन नावाच्या कोळसा ओढणाऱ्या कामगाराच्या कबरीवर लोक फुलं ठेवून सेल्फी काढतात आणि शेजारच्या नंबरांकडे बघतही नाहीत. पण म्हणून कब्रस्तान बंद करा असं कोणी म्हणत नाही, माहिती सांगणारे तिथेच उभं राहून तो खरा कोण होता ते सांगतात.

येत्या जुलैत मी येतेय. मामाला सांगितलंय, रेवस, मांडवा, पोयनाड, जिथे जिथे रामदासवर गेलेल्यांची घरं आहेत तिथे जाऊ, जाताना वही घेऊ. तो आधी गप्प बसला, मग म्हणाला पहिलं नाव तर मला माहितीय, लिहून घे.