‘सगळी बटणं सक्तीची’ म्हणणाऱ्या प्रिंटिंगच्या मेसेजला उत्तर

सोलापुरातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांच्या, डीटीपीवाल्यांच्या आणि झेरॉक्सवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. चाटी गल्लीतल्या एका व्यापाऱ्याने तोच मेसेज माझ्या आतेभावापुढे धरला आणि त्याने लिहून दिलेल्या बिलिंग सॉफ्टवेअरचे राहिलेले पैसे अडवले. सॉफ्टवेअरमध्ये स्टेपलचं बटण नाही, फॅक्सचं कव्हर पान नाही, म्हणून ते ‘नियमबाह्य’! म्हणून हे उत्तर.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. आयपीपी या नेटवर्क प्रिंटिंगच्या नियमानुसार प्रत्येक ॲपमध्ये दोन्ही बाजू, स्टेपल, रंग, फॅक्स, कव्हर पान अशी सगळी बटणं सक्तीची आहेत. ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या प्रिंटरवर फॅक्स करायचा तर जॉबच्या, म्हणजे प्रिंटरला दिलेल्या कामाच्या, नावात नंबर लिहिला की पुरे. प्रिंटरने ‘सक्सेसफुल-ओके’ म्हटलं की तो फॅक्स पोचल्याचा पुरावा. नाही म्हटलं तर मिळेपर्यंत ॲपने पाठवत राहायचं. फॅक्ससाठी ६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, ठेवा. आणि बाहेरून प्रिंट करता यावं म्हणून राऊटरवर ६३१ पोर्ट (नेटवर्कमध्ये शिरायचं क्रमांकाचं दार) उघडून ठेवणं ‘नियमातच आहे’.

पहिल्या मुद्द्यात एक अर्धं सत्य आहे, ते आधी मान्य करतो. आयपीपीत क्लायंटवर, म्हणजे छपाईची विनंती पाठवणाऱ्या ॲपवर, सक्ती आहे. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले क्रमांकित कागद; जानेवारी २०१७ च्या आरएफसी ८०११ मध्ये ती लिहिलेली आहे. सहा मूळ क्रिया आल्या पाहिजेत: प्रिंट-जॉब, व्हॅलिडेट-जॉब, कॅन्सल-जॉब, गेट-जॉब-ॲट्रिब्यूट्स, गेट-जॉब्स आणि गेट-प्रिंटर-ॲट्रिब्यूट्स. विनंतीत सगळ्यात आधी अक्षरसंच, मग भाषा, याच क्रमाने आलं पाहिजे. हा क्रम उलटला तर प्रिंटर विनंती परत फेकू शकतो, आणि घरी लिहिलेल्या ॲपमध्ये ही चूक हमखास सापडते. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: प्रिंटरच्या उत्तरात ओळखीचा नसलेला गुणधर्म, नवी किंमत किंवा अनपेक्षित कोड आला तरी क्लायंटने कोलमडायचं नाही. जे कळतं ते घ्यायचं, उरलेलं सोडून पुढे जायचं.

आणि बटणं? त्याच कागदात स्पष्ट म्हटलंय की क्लायंट वापरणाऱ्याला पडद्यावर काय दाखवतो, यावर कसलीही अट नाही. एक ॲप आधी प्रिंटरला विचारून पर्यायांची खिडकी दाखवेल, दुसरं काहीच न विचारता थेट छापेल. दोन्ही नियमात बसतात.

हे असंच का ठेवलं, ते मार्च १९९७ च्या आरएफसी २११९ मध्ये कळतं. इंटरनेटच्या मानकांत ‘मस्ट’ (केलंच पाहिजे) हा शब्द कधी वापरायचा ते हा छोटासा कागद ठरवतो. मेसेज लिहिणाऱ्याने त्याचा सहावा भाग वाचला असता तर मेसेज लिहिलाच नसता. सक्तीला तिथे दोनच कारणं चालतात: त्याशिवाय दोन यंत्रांचं एकमेकांशी जमणारच नाही, किंवा नुकसान करू शकणारं वागणं रोखायचं आहे. केवळ एखादी पद्धत लिहिणाऱ्यावर लादायची म्हणून हा शब्द वापरू नये, असंही तिथे बजावलंय.

आता स्टेपलचं बटण या दोन कसोट्यांवर लावून बघा. ॲपने स्टेपल मागितलंच नाही तर प्रिंटर सुट्टे कागद देतो. जमणं तुटत नाही, नुकसान होत नाही. उलट स्टेपल मागितलं आणि प्रिंटरमध्ये स्टेपलरच नसला, तरी त्याची सोय आहे. ‘आयपीपी-ॲट्रिब्यूट-फिडेलिटी’ हा गुणधर्म (‘मागितलं तसंच हवं’ असं सांगणारा) खोटं, म्हणजे ‘फॉल्स’, ठेवलं असेल, किंवा पाठवलंच नसेल, तर प्रिंटर स्टेपल वगळून छापतो आणि ‘यशस्वी, पण काही गुणधर्म दुर्लक्षित किंवा बदललेले’ असं कळवतो. खरं, म्हणजे ‘ट्रू’, ठेवलं असेल तर जॉबच नाकारतो. चादरीच्या बिलाला सुट्टे कागद चालतील, करारपत्राला चालणार नाहीत. तो निर्णय ॲप लिहिणाऱ्याचा. कव्हर पानालाही हेच लागू. ते बटण नसल्यामुळे कोणाचे पैसे अडवायचा आधार या मानकात नाही.

जॉबच्या नावात नंबर लिहायचा, हा तर शुद्ध घोटाळा आहे. ड्रायव्हरशिवाय छापणं आणि फॅक्स पाठवणं या दोन वेगळ्या सेवा आहेत. छपाईचा पत्ता सहसा ‘आयपीपी/प्रिंट’ असतो, फॅक्सचा ‘आयपीपी/फॅक्सआउट’. फॅक्सआउटचं मानक प्रिंटर वर्किंग ग्रुप या प्रिंटर उद्योगातल्या गटाचं आहे, क्रमांक ५१००.१५. जॉबच्या नावात नंबर लिहून छपाईच्या पत्त्यावर पाठवलंत तर कागद तुमच्याच ट्रेमध्ये पडेल. रुग्णाचा रिपोर्ट किंवा बँकेचं पत्र तसंच पडून राहील, आणि पाठवणाऱ्याला वाटेल की गेला.

इथे मात्र क्लायंटवर खरी सक्ती येते, कारण नंबर नसेल तर यंत्र डायल काय करणार? तो ‘डेस्टिनेशन-यूआरआयज’ या गुणधर्मात, ‘टेल:’ च्या रूपात द्यायचा. सोलापूरचा एसटीडी कोड ०२१७, पण +९१ लावल्यावर पुढचा शून्य जातो: +९१, मग २१७, मग सात आकडी नंबर. +९१०२१७ असं चिकटवलेला नंबर लागत नाही. ऑफिसात ईपीएबीएक्स (आतलं टेलिफोन एक्सचेंज) असेल तर बाहेरची लाइन घेण्याचा ० किंवा ९ नंबरात कोंबू नका. त्यासाठी ‘प्री-डायल-स्ट्रिंग’ ही वेगळी जागा आहे. मशीनला फॅक्स पाठवता येतो की नाही, हे नेटवर्कवरच्या त्याच्या जाहिरातीतही दिसतं: डीएनएस-एसडी (यंत्रं नेटवर्कवर स्वतःची ओळख सांगतात ती पद्धत) हिच्या नोंदीत ‘आरएफओ’ ही किल्ली असेल तर फॅक्सआउटचा पत्ता तिथेच लिहिलेला असतो.

सगळ्यात घातक मुद्दा पुढचा आहे. ‘सक्सेसफुल-ओके’ म्हणजे फॅक्स पोचला, हे साफ खोटं आहे. त्या उत्तराचा अर्थ एवढाच की प्रिंटरला विनंती समजली आणि त्याने ती घेतली. तोवर टेलिफोनची रिंगही वाजलेली नसते. जॉब तयार झाल्यावर त्याची अवस्था ३, म्हणजे रांगेत. काम चालू असताना ५. संपलेल्या अवस्था तीनच: ७ रद्द, ८ अर्धवट थांबला, ९ पूर्ण. फॅक्समध्ये त्याहून बारीक माहिती ‘डेस्टिनेशन-स्टेटसेस’ मध्ये मिळते: प्रत्येक नंबरासाठी प्रसारणाची अवस्था आणि किती पानं गेली तो आकडा. पाच पानांपैकी तीन जाऊन लाइन तुटली, तर ते इथेच दिसतं.

पलीकडे काय होतं तेही समजून घ्या. टी.३० या फॅक्सच्या नियमात प्रत्येक पानानंतर घेणारं मशीन पावतीचा संकेत देतं. तो आला तर पान त्या मशीनपर्यंत गेलं, एवढंच ठरतं. कोणी ते हातात घेतलं का, मशीनमध्ये कागद होता का, हे तोही सांगत नाही. म्हणून प्रिंटरच्या पहिल्या ‘ओके’चा स्क्रीनशॉट वकिलाला किंवा ग्राहकाला ‘पुरावा’ म्हणून देऊ नका. द्यायचाच असेल तर जॉब ९ वर गेल्यानंतरचा, नंबर आणि पानांची संख्या असलेला अहवाल द्या.

आणि ‘मिळेपर्यंत पाठवत राहा’ हे वाक्य ज्याने लिहिलं, त्याने फॅक्सचं मशीन कधी हाताळलेलं नाही. लाइन व्यग्र असेल तर पुन्हा डायल करणं हे मशीनचं काम आहे. किती वेळा आणि किती अंतराने, याचे गुणधर्म फॅक्सआउटमध्ये आहेत. मशीन स्वतः पाच वेळा प्रयत्न करणार आणि ॲपने वरून तोच जॉब दहादा टाकला, तर पन्नास कॉल होतात. नंबरात एक आकडा चुकला असेल तर ते पन्नास कॉल कोणाच्या तरी घरी जातात, उचललं की कानात शिट्टी, रात्रभर. आरएफसी २११९ ने नुकसान रोखणाऱ्या सक्तीचं उदाहरण म्हणून पुन्हा पुन्हा पाठवण्यावरची मर्यादाच दिली आहे. म्हणजे ज्यावर सक्तीने लगाम हवा, तेच हा मेसेज सक्तीने करायला सांगतो!

ॲप लिहिणाऱ्यांनी हे असं करावं. फॅक्ससाठी एकाच दमात सगळं पाठवण्याऐवजी आधी क्रिएट-जॉब करा, मिळालेला जॉबचा आकडा लगेच साठवा, मग सेंड-डॉक्युमेंट करा. मधेच वाय-फाय गेलं तर नव्याने पाठवू नका. साठवलेल्या आकड्याने गेट-जॉब-ॲट्रिब्यूट्स विचारा. आकडाच हाती लागला नसेल तर गेट-जॉब्सने रांग बघा. जॉब ७, ८ किंवा ९ वर जाईपर्यंत दर काही सेकंदांनी विचारत राहा आणि तोवर पडद्यावर ‘पाठवला’ हा शब्द येऊ देऊ नका, ‘पाठवत आहे’ लिहा. शिवाय ‘रद्द करा’ चालू स्थितीत ठेवा, कारण चुकीचा नंबर डायल होताना थांबवता आलाच पाहिजे. एखाद्या क्लायंटमध्ये काय सक्तीचं असावं असं मला कोणी विचारलं, तर फॅक्ससाठी मी हेच सांगेन: नंबर नीट देणं, शेवटपर्यंत पाठपुरावा करणं आणि थांबवता येणं. स्टेपल त्या यादीत नाही.

६०० डीपीआयचं उत्तर एका परिच्छेदात संपतं. ग्रुप ३, म्हणजे टेलिफोन लाइनवरच्या नेहमीच्या फॅक्सच्या, ए४ ओळीत १७२८ ठिपके असतात, म्हणजे आडवे इंचाला सुमारे २०४. उभे साध्यात ९८, फाइनमध्ये १९६. समोरचं मशीन एवढंच घेत असेल तर ६०० ची फाइल वाटेत खाली आणली जाते, फक्त वेळ जातो. बारीक अक्षरांचं बिल असेल तर फाइन निवडा. चादरीच्या डिझाइनचा रंगीत नमुना काळ्यापांढऱ्या फॅक्सने पाठवू नका, रंगांच्या जागी काळे डाग जातात; तो मेलने पाठवा.

आता ६३१. आयपीपीचा ठरलेला पोर्ट तोच आहे, हे खरं. पण तो राऊटरवर बाहेरच्या जगाला उघडा, असं कोणत्याही आरएफसीत नाही. उघडलात की कोणीही तुमच्या प्रिंटरला गेट-जॉब्स विचारू शकतो, आणि जॉबच्या नावात बहुधा फाइलचं नाव असतं: कोणाचा रिपोर्ट, कोणाचं कोटेशन. फॅक्सआउट चालू असेल तर परका माणूस तुमच्या लाइनवरून परदेशी नंबर डायल करेल आणि बिल तुम्हाला येईल. सप्टेंबर २०२४ मध्ये लिनक्सवरच्या कप्स या छपाईच्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी उघड झाल्या, त्याही याच जातीच्या होत्या. ६३१ वर बाहेरून आलेल्या पाकिटामुळे संगणक परक्याच्या खोट्या प्रिंटरला जोडला जायचा आणि त्याने पाठवलेले गुणधर्म न तपासता वापरायचा. क्लायंटने अनोळखी उत्तर सहन करायचं, याचा अर्थ त्यावर विश्वास ठेवायचा असा नाही.

बाहेरून छापायचंच असेल तर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून दुकानाच्या नेटवर्कपर्यंतची सुरक्षित खाजगी जोडणी, घ्या. आणि मेसेज वाचून पोर्ट उघडला असेल तर आजच राऊटरच्या पानावर जाऊन पोर्ट फॉरवर्डिंगमधली ६३१ ची ओळ काढा, यूपीएनपी (यंत्रांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा, राऊटर पुन्हा चालू करा. मग मोबाइलचं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावरून दुकानाच्या इंटरनेट पत्त्यापुढे :६३१ लावून उघडा. प्रिंटरचं पान दिसलं तर ओळ अजून तिथेच आहे.