मॅकॅफी म्हणे ‘कधीच निघत नाही’!

नव्या लॅपटॉपची खरेदी झाली की घरच्या किंवा सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येऊन पडतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा असा: ‘लॅपटॉपबरोबर आलेला मॅकॅफी अँटिव्हायरस कधीच पूर्ण निघत नाही, कंपनी तो मदरबोर्डमध्येच भरते. अनइन्स्टॉल हा नुसता देखावा, नंतरही त्याचे मेसेज येतच राहतात. सी ड्राइव्हमधलं त्याचं फोल्डर उडवा, रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) नाव शोधून सगळं साफ करा. तरी गेला नाही तर फॉरमॅट मारा. पण आधी दुसरा अँटिव्हायरस विकत आणा, आणि वॉरंटी जाईल हे ध्यानात ठेवा.’ खाली अर्थातच, ‘सर्वांना पाठवा’.

यातला वैताग खरा आहे. सांगितलेले उपाय मात्र माणसाला आगीतून फुफाट्यात नेणारे आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

मदरबोर्डचं आधी. मॅकॅफी हा डिस्कवर बसलेला साधा प्रोग्राम आहे. लॅपटॉप बनवणाऱ्यांना तो आत ठेवण्याचे पैसे मिळतात, म्हणून तो असतो. ही अफवा कुठून आली असावी याचा अंदाज बांधता येतो. 2015 मध्ये लेनोवोच्या काही मॉडेलांमध्ये बायोसमधूनच (मदरबोर्डवरच्या, संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्राममधून) कंपनीचा एक प्रोग्राम विंडोजमध्ये शिरत असल्याचं उघड झालं होतं. विंडोज कोरं टाकलं तरी तो परत यायचा. ओरड झाल्यावर लेनोवोने बायोसचा अपडेट काढला. पण तो लेनोवोचा स्वतःचा प्रोग्राम होता. मॅकॅफीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

‘अनइन्स्टॉल हा देखावा’ यात चार आणे तथ्य आहे. अँटिव्हायरस इतर प्रोग्रामसारखा वरवर बसत नाही. उघडणारी प्रत्येक फाइल तपासता यावी म्हणून तो विंडोजच्या गाभ्यात ड्रायव्हर (आतून चालणारे छोटे प्रोग्राम) बसवतो, आणि कुठल्या व्हायरसने आपल्यालाच काढून टाकू नये म्हणून स्वतःभोवती पहारा ठेवतो. त्यामुळे साध्या अनइन्स्टॉलनंतर काही अवशेष राहू शकतात. पण त्यावरचा उपाय मॅकॅफी कंपनीच फुकट देते आणि मेसेजमध्ये नेमका तोच नाही.

क्रम असा. सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात इन्स्टॉल्ड ॲप्स. तिथे मॅकॅफीच्या बहुतेक वेळा दोन नोंदी दिसतात: एक मुख्य प्रोग्राम, दुसरी वेबॲडव्हायजर, म्हणजे ब्राउझरमध्ये साइट तपासणारा जोड. लोक पहिली काढतात, दुसरी विसरतात आणि मग ब्राउझरमध्ये मॅकॅफीचं चिन्ह दिसलं की ‘बघा, गेलाच नाही’ म्हणतात. दोन्ही काढा. मग रीस्टार्ट करा. शटडाउन करून पुन्हा चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. बहुतेक लॅपटॉपवर फास्ट स्टार्टअप चालू असतं, त्यामुळे शटडाउन करताना विंडोजचा गाभा ड्रायव्हरांसकट डिस्कवर साठवला जातो आणि चालू करताना तसाच उचलला जातो. काढलेले ड्रायव्हर खरोखर उतरतात ते रीस्टार्टमध्ये. त्यानंतर मॅकॅफीच्या स्वतःच्या साइटवरून एमसीपीआर हे अवशेष साफ करणारं टूल उतरवून चालवा. ते पडद्यावर दाखवलेली अक्षरं टाइप करायला लावतं, काही मिनिटं काम करतं आणि पुन्हा रीस्टार्ट मागतं. झालं. नॉर्टन, अव्हास्ट यांचीही अशी स्वतःची टूल्स आहेत. फक्त सर्चमध्ये सगळ्यात वर येणाऱ्या जाहिरातीच्या लिंकवर बोट ठेवू नका.

आता ‘नंतरही मेसेज येतच राहतात’. या मुद्द्याकडे नीट बघायला हवं, कारण इथे माणसं पैसे घालवून बसतात. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात पट्टी सरकते: तुमचं मॅकॅफी संपलं, पाच व्हायरस सापडले, ताबडतोब नूतनीकरण करा. लाल ढाल, कंपनीचा लोगो, सगळं जिथल्या तिथे. त्या पट्टीतला बारीक मजकूर वाचा. तिथे ‘गूगल क्रोम’ किंवा ‘एज’ असं ब्राउझरचं नाव असतं आणि शेजारी कुठल्यातरी अगम्य साइटचा पत्ता. म्हणजे ती सूचना मॅकॅफीची नाहीच. कधीतरी सिनेमा किंवा क्रिकेट फुकट बघायला एखाद्या साइटवर गेलात, तिने ‘मी रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ म्हटलं आणि तुम्ही दाबलं. त्या दिवसापासून त्या साइटला तुमच्या पडद्यावर पट्ट्या सरकवण्याचा परवाना मिळाला. ज्या संगणकावर मॅकॅफी कधी नव्हताच, त्यावरसुद्धा या येतात. अँटिव्हायरस शंभर वेळा काढा, त्या थांबणार नाहीत. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसेल, अनोळखी नावं उडवा.

याच भामटेगिरीचा दुसरा अवतार ईमेलने येतो: तुमच्या अँटिव्हायरसचं नूतनीकरण झालं, एवढे हजार कापले, रद्द करायचं असेल तर या नंबरवर फोन करा. फोन केला की समोरचा एनीडेस्क हे दुरून संगणक चालवू देणारं ॲप टाकायला सांगतो आणि ‘परतावा’ देण्याच्या नावाखाली बँकेचं खातं उघडायला लावतो. तो नंबर फिरवू नका. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर-फसवणूक हेल्पलाइनवर तक्रार करा.

फोल्डर उडवायचा सल्ला. एकतर विंडोज ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणून उडवू देत नाही, तो वर सांगितलेला पहारा असतो. सेफ मोडमध्ये जाऊन जबरदस्तीने उडवलंत तर अनइन्स्टॉल करणारी फाइलही त्याच फोल्डरमधून जाते. बसलेली फांदी तोडायचाच हा प्रकार. यादीत नाव दिसत राहतं, दाबलं तर एरर येतो. ‘कधीच निघत नाही’ म्हणणाऱ्यांतले बरेच जण इथे अडकलेले असतात.

रजिस्ट्रीचं त्याहून वाईट. मॅकॅफीचे ड्रायव्हर स्वतःच्या नावाने नांदत नाहीत, त्यांची नावं ‘एमएफई’ या तीन अक्षरांनी सुरू होतात. म्हणजे ‘मॅकॅफी’ शोधून साफसफाई केली तर निम्मं सापडतं, निम्मं राहतं, आणि अर्धवट तोडलेला ड्रायव्हर निळा पडदा दाखवून विंडोज बंद पाडू शकतो. पूर्वी विंडोज रजिस्ट्रीची प्रत आपोआप ठेवत असे. विंडोज 10 च्या 1803 आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ते बंद केलं. त्या प्रतींचं रेगबॅक फोल्डर तिथेच दिसतं, आतल्या फायली शून्य केबीच्या. रजिस्ट्री क्लीनरांना तर मायक्रोसॉफ्टचा पाठिंबाच नाही.

फॉरमॅटचा विनोद असा की सेटिंग्जमधून ‘रीसेट’ केलं तर मॅकॅफी परत येऊ शकतो. कंपनीने दिलेली ॲप्स पुन्हा बसवायची का, असा एक पर्याय तिथे असतो आणि घाईत कोणी तो वाचत नाही. फॉरमॅटच करायचं असेल तर 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या टूलने कोरं विंडोज घ्या. लायसन्स हार्डवेअरशी जोडलेलं असतं, प्रॉडक्ट की पुन्हा टाकावी लागत नाही. पण एका प्रोग्रामसाठी एवढा खटाटोप का, हे मला कळलेलं नाही.

दुसरा अँटिव्हायरस विकत घ्यायची सक्ती नाही. विंडोज 8 पासून मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, आतच आहे. दुसरा अँटिव्हायरस असला की डिफेंडर बाजूला होतो आणि दुसरा निघाला की आपोआप कामाला लागतो. विंडोज सिक्युरिटी उघडून खात्री करून घ्या. अँटिव्हायरस तपासणाऱ्या जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट प्रयोगशाळेने डिफेंडरला अनेक फेऱ्यांमध्ये पैकीच्या पैकी गुण दिले आहेत. वॉरंटी हार्डवेअरची असते, प्रोग्राम काढल्याने ती जात नाही.

मेसेजने न सांगितलेली एक गोष्ट मात्र सांगायला हवी होती. ट्रायल सुरू करताना कार्ड दिलं असेल तर प्रोग्राम काढल्याने वर्गणी थांबत नाही. कंपनीच्या साइटवर लॉग-इन करून ऑटो-रिन्युअल वेगळं बंद करावं लागतं. ते राहून गेलं तरी रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी कपात होण्याच्या किमान 24 तास आधी बँकेची सूचना यायला हवी, आणि त्या सूचनेतच नकार देण्याची सोय असते.