ओटीपी वावरात गेला

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात बीसीए शिकवायचं म्हणजे आधी पासवर्ड शिकवायचे. वेळ उरला तर पायथन, म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा. नोट्स मूडल नावाच्या शिकवणीच्या वेबसाइटवर, असाइनमेंट गूगल क्लासरूमवर, बुडालेलं लेक्चर मीटवर, आणि "सर, हे सारं कुठी आहे?" असं विचारायला व्हॉट्सअ‍ॅप. मूडल २००२ पासून जगभर चालतं म्हणतात. आमच्याकडे ते लाइन असेपर्यंत चालतं.

लाइन गेली की पोरं मोबाइलवर प्रोग्राम लिहितात. मोबाइलचा कीबोर्ड भारी शिस्तीचा, ओळीचं पहिलं अक्षर आपल्याच मनानं कॅपिटल करतो. पायथनला मात्र मोठ्या पीची 'प्रिंट' ही आज्ञा ओळखीचीच नाही. 'नेमएरर' म्हणून तो सरळ हात वर करतो आणि अख्खी मागची रांग माझ्याकडे बघते. मग कोणीतरी कॉम्प्युटरच्या स्क्रीनचा फोटो काढून 'असाइनमेंट' म्हणून टाकतो. त्यात ट्यूबलाइटची चमक, कोपऱ्यात अंगठा, आणि खाली मेसेज: 'सर, रन करून पाहा.'

वर्ग रंगावा म्हणून कहूट हे मोबाइलवरच्या क्विझचं अ‍ॅप लावलं. त्यात बरोबर उत्तराला मार्क, पण झटपट उत्तराला जास्त मार्क. त्यामुळे ज्ञानापेक्षा बाक महत्त्वाचा ठरला. टॉवरच्या बाजूच्या खिडकीपाशी धक्काबुक्की झाली आणि 'दारव्ह्याचा डॉन' नावाचा कोणी सलग पहिला आला. तो कोण, हे वर्गातल्या एकानंही सांगितलं नाही. एवढी एकी ग्रुप प्रोजेक्टमध्ये दिसली असती तर!

कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग मीटवर भरतो. लूप समजावताना कोणाचा तरी माइक चालू राहतो आणि "हो रे, हो! थांब नं बाप्पा!" ऐकू येतं. मी थांबतो. ते बैलाला होतं, हे नंतर कळतं.

त्यात स्वयम, म्हणजे सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल. यूजीसीनं २०२१ मध्ये एका सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत कोर्स त्यावरून करायची मुभा दिली. मुभा छान आहे, कोर्सही चांगले आहेत. पण कोर्सचं क्रेडिट जमा व्हायला एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिटच्या बँकेतला खाते नंबर हवा, तो डिजिलॉकरमधून काढायचा, त्याला आधारचा ओटीपी, आणि आधारला नंबर बापाचा. बाप वावरात. पोरगी लॅबमध्ये बसून फोन लावत होती, ओटीपीची वेळ सरत होती. शेवटी मीच माझ्या मोबाइलवरून फोन लावला.

"काका, मी कॉलेजातून सर बोलतो. मेसेजमध्ये सहा आकडे आले असतील, तेवढे सांगा."

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग खणखणीत आवाज आला, "आले नं! पण मी काऊन सांगू? बँकेतला साहेब बजावून गेला, कोणी मास्तर बनून फोन केला तरी आकडा सांगू नका म्हून. पोलिसात देतो तुले!"

पोरगी "बाबा, बाबा" करेपर्यंत फोन कट झाला होता. माझा नंबर त्यांनी नंतर ब्लॉक केला, तो अजून तसाच आहे.