नाकासमोरचे आठ दिवस

ऐन मे महिन्यात आमच्या सोसायटीची ड्रेनेज लाइन खचली. ठेकेदार म्हणाला, "आठ दिवस संडासात थेंबभर पाणी सोडायचं नाही." गंगापूर रोडच्या मागच्या अंगाला चोवीस फ्लॅट, आणि थेंबभर नाही! सभेत पाऊण तास भांडून शेवटी अंगणात तीन फिरते संडास भाड्याने आणायचं ठरलं. मी घरून काम करतो, म्हणजे रिकामाच असतो, या न्यायाने देखरेख माझ्या गळ्यात पडली.

खोकी आली. प्लास्टिकची, आत भांडं आणि भांड्याखाली थेट टाकी. ना फ्लश, ना लाइन. जे जातं ते तिथेच मुक्कामाला. टाकीच्या तळाशी आधीच वीसेक लिटर निळंशार पाणी. त्यात जंतुनाशक, सुवास आणि रंग. जंतू आवरले की कुजणं आवरतं, आणि रंगामुळे आधीचा माणूस काय करून गेला ते नंतरच्याला दिसत नाही. निळ्याचं हिरवं झालं की औषध दमलं, गाडी बोलवायची.

आमचं पहिल्याच संध्याकाळी हिरवं झालं.

"साहेब, टाकी सव्वादोनशे लिटरची," गाडीवाले दादा म्हणाले. "दहा कामगारांना एक खोकं आठवडाभर, असा हिशोब आहे. पण तो कागदवाल्यांचा. तुमच्याकडे लोक बादली घेऊन येतात." खरंच होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू तर दोन आणायच्या. त्यातली एक, आपण बसण्याआधी खोकं धुऊन घ्यायला.

मग दादा रोज पहाटे पाचला यायला लागले. हातात मोजे, पायात गमबूट. जाड पाइप टाकीत सोडायचा, गाडीवरचा व्हॅक्यूम पंप सुरू करायचा, की सगळा ऐवज टँकरमध्ये. शेवटी शेवटी अगदी बशीतला चहा फुर्रकन ओढल्यासारखा आवाज येतो. मी तेव्हापासून कपानेच पितो. नंतर ब्रशने घासणं, पाणी मारणं, ताजं पाणी आणि मापाने औषध. एका खोक्याला दहा मिनिटंही लागत नसत. आमच्या घरचा संडास मी इतका मन लावून कधी घासलेला नाही, याला बायको साक्ष आहे.

चौथ्या दिवशी मात्र मधलं खोकं असं काही घमघमलं की विचारू नका. शूर्पणखेच्या नाकावरून गावाला नाशिक नाव पडलं म्हणतात. त्या दिवशी लक्ष्मण आला असता तर मी माझं नाक आपणहून पुढे केलं असतं. औषध बदललं, काकूंनी उदबत्त्या लावल्या. आता मोगऱ्यासकट घाण येऊ लागली. दादांनी आत डोकावून पाहिलं, मग वर बघितलं आणि हसले. टाकीतून एक पाइप छपराबाहेर जातो. गरम हवा त्यातून वर जाते आणि वास घेऊन जाते. त्या पाइपाच्या तोंडावर कोणीतरी दुधाची पिशवी रबरबँडने बांधली होती.

"माझ्या गॅलरीत येत होता ना वास!" पहिल्या मजल्यावरचे अण्णा म्हणाले. वर चूक कबूल करायची सोडून पिशवी परत मागितली.

रात्रीची तऱ्हा वेगळी. छप्पर अर्धपारदर्शक, दिवसा उजेड यावा म्हणून. पण रात्री मोबाइलचा टॉर्च घेऊन माणूस आत गेला की खोक्याचा आकाशकंदील व्हायचा. कोण किती वेळ बसतं, हे आठ दिवसांत अख्ख्या सोसायटीला पाठ झालं. सेक्रेटरींचे अठरा मिनिटं. वर्तमानपत्रासह पंचवीस.

नवव्या दिवशी लाइन जोडली गेली. पहिला फ्लश कोणी करायचा यावरून पुन्हा वाद झाला आणि अनुभवी म्हणून मलाच वर पाठवलं. मी बटण दाबलं. खाली उघड्या चेंबरभोवती सगळी मंडळी वाकून उभी होती. खळखळ ऐकू येताच टाळ्या पडल्या.

"अहो," काकू खालून ओरडल्या, "पण हे निळं का नाही?"