लंगडी बंद, तोल चाचणी चालू

आपल्या शाळेतील मुलांची शारीरिक क्षमता खेळांच्या माध्यमातून तपासावी असे पत्र आले असेल, तर सर्वप्रथम मुलांचे खेळणे बंद करावे. खेळणारे मूल एका जागी सापडत नाही, आणि जे सापडत नाही त्याची नोंद करता येत नाही. साताऱ्यातील एका शाळेने ही पूर्वतयारी मोठ्या दूरदृष्टीने केली. लंगडी खेळताना एका मुलाचा गुडघा फुटला आणि पालक कार्यालयात येऊन तावातावाने बोलून गेले, तेव्हापासून तेथे लंगडीवर बंदी आहे. काच फुटेल म्हणून लगोरी बंद आहे. आणि फक्की मारून जेथे आट्यापाट्यांचे मैदान आखले जाई, तेथे आता पेव्हर ब्लॉक बसवून शिक्षकांच्या दुचाकींसाठी छप्पर उभारले आहे.

मैदान असे निर्धोक झाले की चाचणीकडे वळावे. 'खेलो इंडिया'च्या चाचणीत पहिली ते तिसरीच्या मुलांनी एक पाय गुडघ्यात मुडपून मागे हाताने धरायचा, दुसऱ्या पायावर ६० सेकंद उभे राहायचे आणि शिक्षकाने तोल किती वेळा गेला ते मोजायचे असते. हिचे नाव फ्लेमिंगो चाचणी. (खटाव तालुक्यात येरळवाडीच्या तलावावर हाच पक्षी रोहित म्हणून उतरतो, पण शाळेत यायचे तर इंग्रजी नाव हवे.) मुलांसमोर चुकूनही 'लंगडी' म्हणू नये. दुसरीतील एक मुलगी मिनिटभर जराही न हलता, खिडकीबाहेरचे माकड पाहत उभी राहिली, म्हणून बाईंनी तिच्या नावापुढे शून्य लिहिले. ते शून्य पाहून मुख्याध्यापक अस्वस्थ झाले, शाळेची बदनामी नको म्हणाले आणि त्याचे सात करवून घेतले. आपणही रकान्यात शोभेल असाच आकडा भरावा.

वजनासाठी रेशन दुकानातला काटा चालतो. धान्य अधूनमधूनच येत असल्याने तो बहुधा मोकळाच असतो.

चौथीपासून ५० मीटरच्या वेगवान धावेबरोबरच ६०० मीटरची धाव असते. मैदान उरले नसल्यास इमारतीभोवती फेऱ्या माराव्यात आणि त्या मोजण्याचे काम फोनवर बोलणाऱ्या शिक्षकाकडे द्यावे. पायथ्याला राहणारा आणि तुटलेल्या पतंगामागे अर्धा अजिंक्यतारा चढून जाणारा पाचवीतील एक मुलगा सातव्या फेरीला थांबला, कारण खिचडीची घंटा झाली होती. त्याच्यापुढे 'सहनशक्ती कमी' अशी नोंद करण्यात आली.

छायाचित्र काढताना मागे खाशाबा जाधवांची तसबीर येईल असे पाहावे. आपल्याच जिल्ह्यातील गोळेश्वरच्या या मल्लाला १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी वर्गणी गोळा करावी लागली, आणि तरीही त्यांनी कांस्यपदक आणले. दोरीच्या उड्यांसाठी दोऱ्या मागायला येणाऱ्या क्रीडाशिक्षकास ही कथा अवश्य ऐकवावी.

शाळा सुटल्यावर काही मुले फाटकाबाहेर खडूने चौकोन आखून लंगडी घालू लागतील. त्यांच्या मागे शिपाई सोडावा. मुले कोपऱ्यापर्यंत सुसाट पळतील, आणि ते अंतर नेमके ५० मीटर भरेल. पण वेळ लावत बसू नये, कारण धावण्याचा तो रकाना आपण दुपारीच भरलेला असतो.