पेडल शिकाऊंसाठी नाही, ॲल्युमिनिअमसाठी आहे

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या फॅब्रिकेशनवाल्यांमध्ये एक मेसेज सध्या भराभर पुढे जातोय. त्याचं म्हणणं असं: टिगवर (आर्गॉन वायूच्या आवरणात विजेच्या आर्कने धातू वितळवून जोडायचं वेल्डिंग) ॲल्युमिनिअम मारताना फूट पेडल, म्हणजे पायाने करंट कमी-जास्त करायचं पेडल, फक्त शिकाऊंना लागतं, पक्का वेल्डर जाडी बघून अँपिअर एकदाच लावतो आणि बाकीचं हाताच्या वेगावर सांभाळतो, शेवटाला फोर-टी (करंट ठरलेल्या वेळात आपोआप उतरवणारी मशीनची सोय) आहेच, पेडलने जॉब (जोडायचा तुकडा) उलट जास्त तापतो, आणि मचाणावर किंवा उभ्या-डोक्यावरच्या सांध्याला तर पेडल चालतच नाही. आयटीआयतून नुकती बाहेर पडलेली पोरं हे वाचून पेडल बाजूला ठेवू लागली आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

जाडीवरून अँपिअर लावायचा हिशोब खरा आहे. दर मिलिमीटरला साधारण 40 अँपिअर, म्हणजे 3 मिलिमीटरच्या पत्र्याला 120च्या आसपास. पण हा आकडा सांध्याच्या कुठल्या टप्प्यावरचा? ॲल्युमिनिअममधून उष्णता साध्या लोखंडाच्या तिप्पट-चौपट सहज वाहते. सुरुवातीला थंड जॉब आर्कची सगळी उष्णता ओढून घेतो आणि 120वर पूल (वितळलेल्या धातूचं छोटं तळं) लवकर बनतच नाही. चार इंच पुढे गेलात की तोच जॉब तापलेला असतो, तेच 120 आता जास्त होतात, बीड (वेल्डची रेघ) रुंद होत जातो. शेवटच्या कडेला तर उष्णतेला पुढे पळायला धातूच उरत नाही. तिथे कड खाली बसते नाहीतर भोक पडतं. म्हणजे एकदा लावलेला करंट सुरुवातीला कमी, शेवटी जास्त, आणि मधल्या थोड्याच भागात बरोबर.

त्यात ॲल्युमिनिअम लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही. धातू 660 अंशांच्या आसपास वितळतो, पण वरचा ऑक्साइड 2,000 अंशांच्या वर. एसी करंट तो थर फोडतो तेव्हाच खाली चमकणारा पूल दिसतो. तो दिसल्यावर करंट त्याच क्षणी कमी करता आला पाहिजे, आणि दोन्ही हात टॉर्च (आर्क देणारा हँडल) व फिलरमध्ये (सांध्यात भरायची धातूची काडी) अडकलेले असतात. उरतो तो पाय. (काही जण निफाडच्या थंडीला दोष देतात. सकाळच्या हवेने दहा-पंधरा अंशांचा फरक पडतो. आपल्याच आर्कने शेकडो अंशांचा.)

हाताच्या वेगावर सांभाळायचं, तर वेगालाही मर्यादा आहे. फार पळालात की फिलर टिपायला वेळ मिळत नाही, मुळाशी धातू एकजीव होत नाही. 6 मिलिमीटरच्या फ्लँजला 2 मिलिमीटरचा पत्रा जोडताना, किंवा पाइपभोवती मनगट फिरवायला क्षणभर थांबताना, वेग वाढवून काय साधणार? तिथे करंटच उतरवावा लागतो.

फोर-टीचा डाउनस्लोप ठरलेल्या सेकंदांत करंट उतरवतो, पूल कसा आहे ते त्याला कळत नाही. ॲल्युमिनिअम गोठताना आकारमानाने साधारण 6 टक्के आकसतं, म्हणून शेवटाला खड्डा राहतो आणि त्यातूनच तडा जातो. 6061 या ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूमध्ये हा धोका मोठा. पेडलवर पाय सावकाश उचलत फिलरचा शेवटचा थेंब देता येतो, पूल खचतोय असं दिसलं तर पुन्हा दाबता येतं. फिक्स्चरवर एकसारखे शेकडो नग काढायचे असतील तर एकदा जमवलेला फोर-टी उत्तम चालतो, हे मात्र मान्य. दुरुस्तीला आलेल्या इंटरकूलरच्या टाकीला तो हिशोब लागत नाही.

पेडलने जॉब जास्त तापतो, हा मुद्दा अर्धा खरा आहे आणि म्हणूनच जास्त फसवा. भीत भीत अर्धा पाय दाबून पूल बनायची वाट बघत बसलात, तर तेवढ्या वेळात उष्णता सगळ्या जॉबभर पसरते. 6061-टी6 सारख्या, उष्णता देऊन कडक केलेल्या धातूची सांध्याशेजारची ताकद उष्णतेने कमी होतेच. जितका वेळ लावाल तितका तो मऊ पट्टा रुंद. पण हा दोष दाबण्याच्या पद्धतीचा. मशीनवर लावलेला आकडा ही पेडलची वरची मर्यादा असते, म्हणून 3 मिलिमीटरला ती 140-150 ठेवा. सुरुवातीला पाय पूर्ण दाबा, पूल चमकला की लगेच मागे घ्या, आणि पुढे पूल रुंद होईल तसतसा पाय सैल करा. अशाने एकूण उष्णता कमी जाते. पाय उचलल्यावर टॉर्च मात्र आर्गॉन बंद होईपर्यंत जागेवरच ठेवा.

मचाणावर, उभ्या किंवा डोक्यावरच्या सांध्याला पेडल चालत नाही, हे मेसेजमधलं म्हणणं बरोबर आहे. तिथे टॉर्चवरच करंटची चकती असलेला हँडल घ्या. अंगठ्याने तेच काम होतं.