उतारे सोडून दे म्हणे!

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय. लांब होणार आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी आत्ताच पुढे सरकावं. तसंही मला घाईबद्दलच बोलायचंय.

माझ्या भाचीची, म्हणजे दादाच्या मुलीची, प्रवेश परीक्षा पाच आठवड्यांवर आलीय. विज्ञान, गणित आणि उताऱ्यांवरचे प्रश्न असे तीन भाग. काल सराव परीक्षेचा निकाल आला, मार्क घसरले, आणि आज सकाळी दादाने तिच्या क्लासच्या सरांचा मेसेज मला पुढे पाठवला. सर म्हणतात, आकलनात वेळ घालवू नका, उतारे शेवटच्या आठवड्यात उरकू, सध्या फक्त सायन्स-मॅथ्स. खाली दादाची स्वतःची ओळ: ‘मला पटतंय. तूही तिला आता उगाच गोष्टीची पुस्तकं देऊ नकोस.’

उगाच!

दुसऱ्या कुणी हे लिहिलं असतं तर मी अंगठ्याचं चिन्ह टाकून गप्प बसले असते. पण दादाने लिहावं? ज्याने मला आयुष्यात एकदाच परीक्षेचा धडा शिकवला आणि तो कायमचा शिकवला, त्या माणसाने?

तो किस्सा सांगते, नाहीतर माझा राग कळणार नाही. मी भाचीएवढीच होते. माझी अशीच परीक्षा होती, आणि दादा फाटकाबाहेर वाट बघत उभा होता. मी बाहेर आले ती हवेतच. सोपा होता पेपर, म्हटलं. त्याने माझ्या हातातली प्रश्नपत्रिका घेतली आणि चालता चालता एका गणितावर बोट ठेवलं. याचं काय केलंस? मी ताडकन म्हटलं, चाळीस आणि साठ, सरासरी पन्नास. तो थांबला. ‘प्रश्न काय होता?’ ‘अरे सांगितलं ना, चाळीस आणि साठ.’ ‘ते आकडे झाले. प्रश्न काय होता ते सांग.’

मला सांगता येईना. पाच मिनिटांपूर्वी सोडवलेलं गणित, आकडे तोंडपाठ, पर्यायाचा क्रमांकसुद्धा आठवत होता. प्रश्न मात्र आठवत नव्हता. कारण तो मी वाचलाच नव्हता.

जाताना ताशी ४० किलोमीटर, त्याच रस्त्याने परत येताना ताशी ६०, तर संपूर्ण प्रवासाचा सरासरी वेग किती. अंतर १२० धरा. जायला तीन तास, यायला दोन. पाच तासांत २४० किलोमीटर, म्हणजे ताशी ४८. पन्नास नाहीच. हळू गाडीत माणूस जास्त वेळ बसतो, त्यामुळे सरासरी हळूच्या बाजूला झुकणार. ‘त्याच रस्त्याने’ या दोन शब्दांत सगळं गणित होतं आणि मी त्यांच्यावरून उडी मारून थेट आकड्यांवर जाऊन बसले होते.

आणि पन्नास हा पर्याय होताच, बरं का. पेपर काढणारे वेडे नसतात. न वाचणाऱ्याचं उत्तर कोणतं येईल हे त्यांना ठाऊक असतं आणि ते उत्तर ते मुद्दाम मांडून ठेवतात.

तर आज दुपारी मी भाचीला बोलावून घेतलं. पेपर घेऊन ये म्हटलं. तिच्या एकूण २७ चुका होत्या, त्या सगळ्या आम्ही जमिनीवर पसरून बसलो. एकेका चुकीला विचारत गेलो, हे तुला येत नव्हतं का? प्रामाणिक पोरगी आहे. खरोखर न येणाऱ्या निघाल्या आठ. उरलेल्या एकोणीस चुकांना तिच्याकडे एकच शब्द होता: ‘सिली मिस्टेक, आत्या.’

हा शब्द मला सहन होत नाही. सिली मिस्टेक म्हणजे जणू वाऱ्याने उडून आली आणि आपल्या पेपरवर पडली! एकोणीस वेळा तेच होत असेल तर ती सवय आहे आणि तिला नाव आहे. न वाचणं. पण ‘मी वाचलं नाही’ म्हणायला लाज वाटते आणि ‘सिली मिस्टेक’ म्हटलं की हुशारी शाबूत राहते. पालकही तेच म्हणतात, हुशार आहे हो, सिली मिस्टेक करते. मीही म्हणायचे.

एक आलेख होता. वर चढणारी रेघ, मग सपाट, मग उतरती. सपाट भागात गाडीचं काय चाललंय? तिने लिहिलं, गाडी थांबलेली आहे. उभ्या अक्षावर अंतर असतं तर शंभर टक्के बरोबर. पण उभ्या अक्षावर वेग होता. म्हणजे गाडी त्याच वेगाने सुसाट चालली होती आणि आमच्या बाईंनी ती उभी केली! भौतिकशास्त्र तिला येत नव्हतं का? दोन्ही आलेख तिने मला तिथल्या तिथे काढून समजावले, माझ्यापेक्षा चांगले. फक्त अक्षावर काय लिहिलंय ते वाचलं नव्हतं. आता सरांनी मला सांगावं, ही चूक सायन्सची की आकलनाची?

दुसरं बघा. ‘एका संख्येपेक्षा ५ ने कमी’ आणि ‘५ पेक्षा कमी’. एकात वजाबाकी आहे, दुसऱ्यात लहान-मोठ्याचं चिन्ह आहे. ‘ने’ आणि ‘पेक्षा’. एवढ्याशा प्रत्ययावर समीकरण उभं असतं. किंवा ‘२० टक्क्यांनी वाढली’ आणि ‘२० टक्क्यांवर गेली’. तिने दोन्ही ठिकाणी मार खाल्ला होता. कारण क्लासमध्ये त्यांना शिकवलंय की प्रश्नातले महत्त्वाचे शब्द हेरायचे. ‘एकूण’ दिसला की बेरीज, ‘उरले’ दिसला की वजाबाकी, ‘प्रत्येकी’ दिसला की भागाकार. याला ट्रिक म्हणतात. मग मी तिला म्हटलं, रोपांना पाणी घालून माझ्याकडे चार बादल्या उरल्या, सहा वापरल्या होत्या, आधी किती होत्या? ती हसली आणि म्हणाली, दोन. आणि मग तिचा चेहरा उतरला.

(त्या चेहऱ्याने मला फाटकाबाहेरची मी आठवले. असो.)

फ्रान्समधल्या ग्रनोबलची एक जुनी गोष्ट आहे, १९७९ च्या सुमाराची. दुसरी-तिसरीतल्या मुलांना विचारलं गेलं, जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ मुलांपैकी ७६ जणांनी आकड्यांचं काहीतरी करून उत्तर दिलं. छत्तीस, वगैरे. लोक हे वाचून हसतात. मला मुळीच हसू येत नाही. पोरं बावळट नव्हती. त्यांना शाळेने शिकवलं होतं की आकडे दिले की उत्तर द्यायचं. गप्प बसलास तर शून्य, काहीतरी लिहिलंस तर निदान प्रयत्नाचं कौतुक. माझं चाळीस-साठ-पन्नास याहून वेगळं होतं का? मी पण कप्तानाचं वयच काढलं होतं की.

बरं, मान्य करते, वेळ कमी असतो. दीड मिनिटात एक प्रश्न सोडवायचा असेल तर प्रत्येक शब्द चघळत बसता येत नाही, आणि ट्रिकमुळे काही प्रश्न खरंच पटकन सुटतात. झालं, केलं मान्य. पण घाईने चुकलेला प्रश्न किती महाग पडतो त्याचा हिशेब कुणी करतं का? बरोबरला चार, चुकीला वजा एक. म्हणजे चुकलात की नुसते चार जात नाहीत, पाचांचा फरक पडतो. त्या एकोणीस प्रश्नांचा हिशेब मी तिच्यासमोर मांडला. ९५! ती कागदाकडे नुसती बघत राहिली. पाच आठवड्यांत एकही नवा धडा न शिकता हे ९५ मार्क तिच्या आवाक्यात होते, आणि सर म्हणतात उतारे सोडा.

आता खुद्द उताऱ्यांकडे येते. ‘त्यात अभ्यास काय करायचा, उत्तर समोरच तर असतं,’ असं म्हणणारे अर्धे पालक माझ्या ओळखीचे आहेत. तिच्या पेपरात मधमाश्यांवर उतारा होता. उताऱ्यात लिहिलेलं, काही अभ्यासकांच्या मते अमुक. पर्यायात होतं, अभ्यासकांचं मत असं आहे की अमुक. ‘काही’ गायब. तिने तोच पर्याय निवडला. दुसऱ्या प्रश्नात तिने निवडलेला पर्याय विज्ञानाच्या दृष्टीने अगदी खरा होता, फक्त उताऱ्यात तो कुठेच नव्हता. ती माझ्याशी भांडली, ‘पण आत्या, हे खरंय!’ खरंय गं बाई. पण विचारलंय काय? ‘लेखकाच्या मते’. तुझ्या मते नाही, पाठ्यपुस्तकाच्या मते नाही. समोरचा काय म्हणतोय ते आपलं मत बाजूला ठेवून ऐकणं, हे मोठ्या माणसांना जमत नाही, आपल्या याच भिंतीवर रोज दिसतं, आणि ते म्हणे शेवटच्या आठवड्यात उरकायचं!

वर गोष्टीची पुस्तकं बंद. ज्याने पूर्वी काही वाचलंय त्याला नवीन उतारा सोपा जातो, एवढी साधी गोष्ट आहे. अमेरिकेत १९८८ साली असाच एक प्रयोग झाला होता. मुलांना बेसबॉलच्या सामन्यावरचा मजकूर वाचायला दिला. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. म्हणजे उतारा नुसत्या उताऱ्यांच्या सरावाने सुटत नाही, जगाबद्दल जे काही वाचून ठेवलंय त्याने सुटतो. विज्ञानाचा अभ्यास उताऱ्याला उपयोगी, उतारा विज्ञानाला उपयोगी. तीन विषय आपण वेळापत्रकाच्या सोयीसाठी केलेत.

मला ठाऊक आहे कुणीतरी खाली लिहिणार, ताई, न वाचताही लोक पास होतात. होतात. होवोत बापडे.

पण नीट वाचणाऱ्याला काय दिसू शकतं ते ऐका. मे १९८२ मध्ये अमेरिकेतल्या सॅट या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत एक प्रश्न आला. लहान वर्तुळाची त्रिज्या मोठ्या वर्तुळाच्या एक तृतीयांश. लहान वर्तुळ मोठ्याच्या बाहेरून गडगडत एक पूर्ण चक्कर मारून मूळ जागी येतं, तर ते स्वतःभोवती किती वेळा फिरलं? सगळे म्हणणार तीन. परीक्षकांची उत्तरसूचीही म्हणत होती तीन. खरं उत्तर चार, आणि चार हा पर्यायच नव्हता! परिघाच्या हिशेबाचे तीन फेरे आणि वाट स्वतःच गोल असल्याचा एक जास्तीचा. (दोन सारखी नाणी घेऊन बघा. एक घट्ट धरा, दुसरं त्याच्याभोवती घसरू न देता फिरवा. एक फेरा वाटेल, होतील दोन.) सुमारे तीन लाख मुलांनी ती परीक्षा दिली होती. प्रश्न चुकलाय असं लिहून कळवलं तिघांनी. प्रश्न रद्द झाला, पेपर पुन्हा तपासले गेले. ते तिघे मला रात्री झोपताना आठवतात. घड्याळ धावतंय, बाकी सगळे गोळे काळे करतायत, आणि हे प्रश्नाकडे बघतायत.

भाचीला हे सांगितलं तर म्हणाली, ‘मी तीन काळं केलं असतं आणि खूश झाले असते.’ मीही, म्हटलं.

लिहिता लिहिता राग उतरलाय थोडा. सरांवर तर फारसा उरलाच नाही. त्यांच्यासमोर एका वर्गात साठ मुलं आणि साठ घरांची भीती. प्रत्येकाला ‘प्रश्न काय होता’ विचारायला त्यांना वेळ कुठला. धडे संपवता येतात, मोजता येतात, पालकांना दाखवता येतात. वाचन दाखवता येत नाही. पण म्हणून ‘सोडून द्या’ म्हणू नये. येत नाही तर येत नाही म्हणावं.

दादाचं मात्र दुखतंय. तो घाबरलाय हे कळतं मला. माझ्या वेळी तो भाऊ होता, आता बाप आहे, आणि बापाला फाटकाबाहेर उभं राहून शांतपणे प्रश्न विचारता येत नसावा. त्या दिवशी तो चिडला असता, ओरडला असता, तर मी एव्हाना ते विसरूनही गेले असते. त्याने नुसतं विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट बघितली. ती वाट बघणं मला आजही पुरतंय.

आम्ही आज शेवटी एकच केलं. पेन बाजूला ठेवलं. ती प्रश्न वाचायची, कागद उलटा करायची आणि मला आकडे न सांगता प्रश्न सांगायची. ‘कुणीतरी कुठेतरी जातंय, त्याच वाटेने परत येतंय, जाताना हळू येताना जोरात, आणि विचारलंय की सगळं मिळून किती वेगाने.’ पहिले दहा प्रश्न रडतखडत गेले. अकराव्याला ती मध्येच थांबली, कागद सरळ केला, पुन्हा वाचला आणि म्हणाली, थांब, हे मी भलतंच समजत होते. मी काही बोलले नाही. तासाभरात जेमतेम वीस प्रश्न झाले. क्लासच्या हिशेबाने दिवस वाया.

ती गेल्यावर मी दादाला मेसेज केला. वाद नको म्हणून बाकी काही लिहिलं नाही, फक्त ते गणित पाठवलं. जाताना ताशी ४०, त्याच रस्त्याने येताना ६०, सरासरी वेग किती?

तीन सेकंदांत उत्तर आलं: ५०.

मी काय लिहावं याचा विचार करत होते, तेवढ्यात बघते तर त्याने मेसेज डिलीट केलेला. आता बराच वेळ नुसतं ‘टायपिंग’ दिसतंय.